चार नंबरची वायर

सेकंदकाकांना कुणी वेळ विचारली तर ते "सव्वाअकरा" असं कधी म्हणाले नाहीत. "अकरा, चौदा आणि चाळीस," असं म्हणायचे, आणि म्हणता म्हणता काटा पुढे सरकला तर "त्रेचाळीस" अशी दुरुस्तीही करायचे. विचारणारा तोवर जिना चढून वर गेलेला असायचा. बाजारात त्यांना हे नाव पडलं ते त्यामुळेच. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची गरज कधी कुणाला पडली नाही.

त्यांचा घड्याळदुरुस्तीचा गाळा माझ्या गाळ्याला लागून होता. मध्ये प्लायवूडची भिंत. माझं कॉम्प्युटरदुरुस्तीचं काम. माझ्या बाजूला पंख्यांची घरघर, त्यांच्या बाजूला टिकटिक. अकरा वर्षं आम्ही शेजारी होतो आणि अकरा वर्षं मला या माणसाचा राग येत होता. कारण सांगतो. माझ्याकडे आलेलं गिऱ्हाईक जरा ताटकळलं की त्यांच्या काचेपुढे जाऊन उभं राहायचं. आत काका डोळ्यात भिंग अडकवून, श्वास धरून, चिमट्याने केसाएवढी कमान जागेवर बसवत असायचे. पाच मिनिटांनी गिऱ्हाईक परत येऊन मला ऐकवायचं, "बघा, काम असं असतं." आणि मी दातात स्क्रू धरून त्याच्याच मशीनमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसलेला!

काम मात्र खरंच तसं होतं. हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. घड्याळ उघडलं की पांढऱ्या फडक्यावर ते एकेक भाग ओळीने मांडायचे; पहिला निघाला तो डावीकडे, शेवटचा निघाला तो उजवीकडे. बसवताना उजवीकडून सुरुवात. प्रत्येक स्क्रू ज्या भोकातून निघाला त्याच भोकात परत, दोन स्क्रू जुळ्या भावांसारखे असले तरी. मी एकदा म्हटलं, "काका, इकडचा तिकडे गेला तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"ज्याची त्याची जागा झिजलेली असते, कारागीर," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या जागेत तो बसतो, पण सुखाने बसत नाही. जिथलं तिथं."

हे 'जिथलं तिथं' त्यांच्या मामाने त्यांना तेराव्या वर्षी कानाखाली वाजवून शिकवलं होतं. दुसरंही एक शिकवलं होतं: कारागिराने 'ठीक आहे' म्हटलं की ठीक आहे. त्यावर पुन्हा शंका काढायची नाही. कुणी गिऱ्हाईक त्यांच्याकडून घड्याळ घेऊन कानाला लावून बघायला लागलं की काकांचा चेहरा पडायचा. म्हणून दुसऱ्या कारागिराचं काम त्यांनी स्वतःही कधी तपासून घेतलं नाही. आणि मला ते कारागीर म्हणायचे. बाकी अख्खा बाजार मला "ए कॉम्प्युटर" म्हणून हाक मारायचा.

काकांची एकुलती मुलगी लग्न करून फार लांब गेली होती. आपली दुपार म्हणजे तिची सकाळ, इतकी लांब. फोनवर बापलेकीचं बोलणं दीड मिनिटात आटपायचं. जेवलात का? जेवलो. गोळी घेतली का? घेतली. ठेवू? ठेव. मग कुणी ठेवायचा यावर अर्धं मिनिट. काकू बाजूला उभ्या राहून म्हणायच्या, "एवढ्यासाठी फोन कशाला, पाटी लिहून टांगा दारावर."

एकदा मुलगी सुट्टीला आली तेव्हा तिने आपल्या कॉलेजच्या काळातल्या जुन्या डेस्कटॉपवर वडिलांना एक खेळ लावून दिला. पाच जणांची टोळी, एक पडकी गढी, आणि चाल करून येणारी दुसरी टोळी. तिकडून मुलगी, जावई आणि त्यांचे दोन मित्र; इकडून काका. काकांकडे गढीचं मागचं दार राखायचं काम. दर रविवारी दुपारी चार वाजता, म्हणजे चार, शून्य, शून्यला, ते कानाला हेडफोन लावून बसायचे.

आणि दोन तास आरडाओरडा चालायचा. "बाबा, डावीकडे!" "अगं आलो, आलो!" "आलो काय, मेलात!" या गोंधळातच मुलगी सांगून जायची की तिच्या साहेबाशी तिचं वाजलंय, की गुडघा दुखतो, की दोनदा दिवस राहून टिकले नाहीत आणि तिने ते आईला कळवलेलं नाही. काका बंदूक हातात घेऊन दाराशी उभे, आणि हे ऐकतायत. सोमवारी मला सांगायचे, "काल पोरगी दोन तास बोलली." खेळात काय झालं ते कधी सांगायचे नाहीत, कारण खेळात ते पहिल्या पाच मिनिटांत मरायचे. मुलगी म्हणायची, "तुमचा दोष नाही हो बाबा. मशीन जुनं आहे. तुम्ही बटण दाबता तेव्हा कुठे ते जागं होतं." तिचं बरोबर होतं. दहा वर्षांचं मशीन ते.

मग खेळाची नवी आवृत्ती आली आणि जावयाला चढली. चढाओढीत नाव घालायचं, क्रमांक वर न्यायचा, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने सासऱ्यांना गोड आवाजात सांगितलं, "मशीन बदला बाबा, नाहीतर आम्हाला मागच्या दाराला दुसरं कुणीतरी बघावं लागेल." दुसऱ्याच दिवशी काका माझ्या काउंटरसमोर उभे.

"नवीन घ्यायची ऐपत नाही," ते म्हणाले. "आहे त्यातच जीव घालायचा. कमीत कमी किती भाग बदलावे लागतील?"

प्रश्न कारागिराचा होता, मी उत्तरही कारागिरासारखं दिलं. रॅम दुप्पट करायची. जुनी डिस्क काढून नवी वेगवान डिस्क घालायची. आणि ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्र काढायचं काम करणारा वेगळा भाग; त्यांच्या मशीनमध्ये तो नव्हताच, चित्राचं काम बिचारा आतला मुख्य बोर्डच कसंबसं निभावत होता. कार्ड आलं की खेळ पाण्यासारखा वाहील, असं मी सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं.

खोटं पुढे होतं. माझ्याकडे एक कार्ड पडून होतं, दोन मालकांकडून फिरून आलेलं. मी ते ब्रशने साफ केलं, पंख्याला तेलाचा थेंब दिला आणि त्याच्या पोर्टांच्या, म्हणजे वायर लावायच्या भोकांच्या, तोंडांना काळी रबरी बुचं बसवली. नवं कार्ड अशी बुचं लावून येतं. काकांना सांगितलं, "जवळजवळ नवं आहे." जवळजवळ नव्याचे पैसे घेतले. धंदा आहे, देवळात बसलो नव्हतो.

काका कॅबिनेट घेऊन आले तेव्हा मी हसून लोळायचा बाकी राहिलो. मागून काढलेल्या सातही वायरींना त्यांनी दोऱ्याने बारीक चिठ्ठ्या बांधल्या होत्या, एक ते सात. कॅबिनेटच्या मागे प्रत्येक पोर्टाशेजारी पेन्सिलीने तोच आकडा, मोत्यासारख्या अक्षरात. एक माउसची, दोन कीबोर्डची, चार मॉनिटरची. "म्हणजे घरी जोडताना घोटाळा नको," ते म्हणाले.

इथेच सगळं झालं, म्हणून नीट सांगतो. कार्ड घातल्यावर मॉनिटरची वायर कार्डाच्या पोर्टाला लावायची असते. बोर्डाच्या जुन्या पोर्टाला लावली तर कार्ड नुसतं आत बसून राहतं, चित्र पुन्हा बोर्डच काढतो. हे सांगायला दहा सेकंद लागतात. मी सांगितलं नाही. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाशी माझी जुंपली होती, आणि हे काय सांगायचं, सगळ्यांना माहीत असतं, असं मला वाटलं. त्यात एरवी कार्ड घातलं की जुनं पोर्ट आपोआप बंद पडतं. वायर तिथे लावली तर पडदा काळा राहतो आणि माणूस तक्रार घेऊन परत येतो. पण तपासताना सोयीसाठी मी जुनं पोर्टही चालू ठेवलं होतं, आणि बंद करायला विसरलो. काकांनी घरी नेऊन चार नंबरची वायर चार नंबरच्या भोकात लावली. जिथलं तिथं. कार्डाच्या तोंडांना तर बुचं होती. बूच लावलेल्या भोकात शहाणा माणूस काही घालत नाही.

तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. एवढं माझ्या बाजूने.

मशीन चालू झालं ते भर्रकन. आधी सुरू होईपर्यंत काकूंचा चहा उकळून गाळून व्हायचा, आता बटण दाबलं की पडदा हजर. ती नव्या डिस्कची करामत. काकांनी त्याच संध्याकाळी येऊन माझे दोन्ही हात हातात घेतले. "नवा जन्म दिलास रे," म्हणाले. मला जरा बरंही वाटलं.

रविवारी चार, शून्य, शून्यला काका बसले. जावयाने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आज बाबांचं नवं मशीन. चाल आली. काकांनी बटण दाबलं, आणि बंदूक मागाहून वाजली, अगदी पूर्वीसारखी. उलट नव्या आवृत्तीत चित्र जास्त जड, त्यामुळे थोडी अधिकच मागाहून. काका तिसऱ्या मिनिटाला मेले. पुन्हा खेळले, पुन्हा मेले. हेडफोनमध्ये कुणीच काही बोललं नाही. मुलगीसुद्धा नाही, कारण नेहमीचं वाक्य आता म्हणता येत नव्हतं.

जुनं मशीन होतं तोवर झाकली मूठ होती. आता मूठ उघडली.

काका सोमवारी माझ्याकडे आले. काउंटरवर चार गिऱ्हाइकं होती. "कारागीर," ते हळू आवाजात म्हणाले, "मी दाबतो आणि ती नंतर वाजते. अजून."

मी वर न बघता म्हणालो, "काका, मशीन मी तरणंताठं करून दिलंय. चालवणाऱ्याला कुठले नवे भाग घालू?"

चारही गिऱ्हाइकं खो खो हसली. असा विनोद रोज जमत नाही, म्हणून मी तो आणखी मोठ्याने पुन्हा म्हटला. काकाही हसले. आपल्यावरचा विनोद माणूस जसा हसतो तसे, थोडे उशिरा.

"म्हणजे मशीन ठीक आहे?" त्यांनी विचारलं.

"एकदम ठीक."

"एकदा घरी येऊन बघशील?"

"काय बघायचंय काका? ठीक आहे म्हटलं ना."

झालं. कारागिराने ठीक म्हटलं. ते गेले, आणि दुसऱ्या दिवशी प्लायवूडच्या पलीकडून मला म्हणाले, "मी रात्री विचार केला. घड्याळ मागे पडतंय, म्हणून एकेक भाग बदलत गेलो. सगळे बदलले. तरी मागे पडतंय. मग जो भाग बदलला नाही, तोच खराब." मी म्हटलं, "बरोबर आहे." मी ऐकतसुद्धा नव्हतो.

त्यांनी प्रयत्न सोडला नाही, हे सांगितलं पाहिजे. दुपारी दुकान तासभर बंद करून घरी जायचे आणि एकटेच सराव करायचे. बोटांचे व्यायाम करायचे. गल्ल्याच्या कडेवर पाची बोटं टकटक वाजवत बसायचे, आणि भिंतीपलीकडे माझं डोकं उठायचं. डोळे तपासून आले. डोळ्यांत दोष निघाला नाही तर आनंद व्हावा की नाही? यांचं तोंड उतरलं. डोळा बरा, म्हणजे हातच. काकू बाजारात येऊन सगळ्यांदेखत म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं, असं ऐकलं होतं. यांनी तर अंगणच नवं करून घेतलं!" त्यावरही बाजार आठवडाभर जगला.

चढाओढीच्या दिवशी त्यांची टोळी मागच्या दारातून हरली. दोन्ही बाजू बरोबरीत होत्या, शेवटचा माणूस मागून आला, काकांनी त्याला सगळ्यांच्या आधी पाहिलं, ओरडले, दाबलं. बंदूक वाजायच्या आत तो आत शिरून मुलीला मारून गेला. जावयाने ते सगळं मशीनमध्ये नोंदवून घेतलं होतं. दारात काका बाहुल्यासारखे उभे, समोरून माणूस येतो, त्यांच्या बाजूने निघून जातो, आणि मग काकांची बंदूक भिंतीवर वाजते. जावयाने मागे टिकटिक असा आवाज घातला, वर लिहिलं, 'आमचे सासरे, वेळेचे पक्के', आणि मित्रांना पाठवलं. मित्रांनी मित्रांना पाठवलं. बुधवारपर्यंत ते आमच्या बाजारात पोचलं. मी सात वेळा पाहिलं आणि अकरा जणांना पाठवलं.

गुरुवारी चप्पलवाल्याने आपला फोन काकांच्या काचेला लावून त्यांनाच ते दाखवलं. काकांनी भिंग न काढता पूर्ण पाहिलं. "दोन सेकंद," ते म्हणाले. "पूर्ण दोन सेकंद उशीर आहे." मग पुन्हा कामाला लागले.

पुढच्या रविवारी जावई म्हणाला, "बाबा, तुम्ही आता नुसतं बघा. बघण्यातही मजा असते." मागच्या दाराला त्याच्या ऑफिसातला कुणी आला. बघणाऱ्याला खेळणाऱ्यांचं बोलणं ऐकू येतं, त्याचं मात्र कुणाला ऐकू जात नाही. तीन रविवार काका मुलीचा आवाज ऐकत बसले. नव्या माणसासमोर ती साहेबाचं, गुडघ्याचं काही बोलेना. चौथ्या रविवारी बघायचं आमंत्रण पाठवायला तिकडचे विसरले. काका पावणेसहापर्यंत हेडफोन लावून बसून राहिले, असं काकूंनी सांगितलं. मग पुन्हा फोन सुरू झाला. जेवलात का? जेवलो. गोळी घेतली का? घेतली.

इथवरचं दुःख घरातलं होतं. ते दुकानात शिरलं तेव्हा मी भिंतीपलीकडून ऐकलं. सायकल चालवणाऱ्याने एकदा आपल्याच पायांकडे बघायला सुरुवात केली की तो पडणार हे ठरलेलं. काका आता घड्याळाकडे बघत नव्हते, घड्याळावरच्या आपल्या बोटांकडे बघत होते. चिमटा खाली ठेवल्याचा आवाज यायचा. थोड्या वेळाने उचलल्याचा. पुन्हा ठेवल्याचा. एके दिवशी एक म्हातारी बाई नवऱ्याचं मनगटी घड्याळ घेऊन आली. त्यांच्याकडेच तीस वर्षं येणारी. काकांनी ते उघडलं, पाहिलं, जसंच्या तसं बंद केलं. "माझ्याकडून व्हायचं नाही," म्हणाले. "हात राहिले नाहीत. चांगली वस्तू आहे, मी बिघडवून ठेवीन." बाई म्हणाली, "अहो, मागच्याच महिन्यात तुम्ही माझं भिंतीवरचं केलंत." "ते मोठं असतं," काका म्हणाले.

खरं सांगतो, तोवर त्या हातांनी एकही घड्याळ बिघडवलेलं नव्हतं. एकही.

दोन महिन्यांत त्यांनी भिंतीवरची घड्याळंही घेणं बंद केलं. नुसते बॅटऱ्या आणि पट्टे बदलायचे. तेवढ्यावर भाडं निघत नाही. मला ते दिसत होतं, आणि मी गप्प होतो, कारण मला जागा कमी पडत होती. प्लायवूडची भिंत काढली तर दोन टेबलं सहज बसतील, असं मी गिऱ्हाईक नसताना टेप लावून मोजूनही ठेवलं होतं. मीच एकदा विषय काढला. "काका, उगाच ओढाताण कशाला? सोडायचा असेल तर आधी मला सांगा." ते म्हणाले, "तुलाच देईन. दुसऱ्या कारागिराच्या हातात गेलेला बरा." चप्पलवाला माझ्या तोंडावर म्हणाला, "आयत्या बिळावर नागोबा." मी त्याच्याशी महिनाभर बोललो नाही.

काकांनी अवजारं विकली. बेचाळीस वर्षांची अवजारं. मामाचे चिमटे त्यात होते. घेणाऱ्याला घड्याळातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्याला ती हॉटेलच्या भिंतीवर शोभेला लावायची होती. शनिवारी काकांनी गाळा झाडून माझ्या हातात किल्ली दिली. सोमवारी भिंत तोडायला माणूस येणार होता.

त्याच शनिवारी, तासाभराने, ते कॅबिनेट घेऊन पुन्हा आले. एवढं ओझं छातीशी धरून चालत आले होते. वर वायरींची जुडी ठेवलेली, चिठ्ठ्या अजून बांधलेल्या.

"हेही घेऊन टाक," ते म्हणाले. "घरी नुसती जागा अडते. कार्डाचं काय येईल ते बघ."

त्यांनी कॅबिनेट काउंटरवर ठेवलं ते पाठ माझ्याकडे करून. मी पाहिलं. कार्डाच्या तोंडांना माझी काळी बुचं जशीच्या तशी होती. त्यांच्यावर वर्षभराची धूळ बसली होती, बोट न लागलेली. आणि त्यांच्या वर, बोर्डाच्या जुन्या पोर्टाशेजारी, पेन्सिलीने मोत्यासारखा चार. त्या पोर्टाच्या कडा वायर काढून घालून चकचकीत झाल्या होत्या.

मला सगळं एका क्षणात कळलं. या माणसाचे हात कधी गेलेच नव्हते. जे दोन सेकंद सगळ्या बाजाराने पाहून घेतले होते, ते माझे होते. आत्ता, या काउंटरवर, चार नंबरची वायर एक वीत खाली लावून दाखवली असती तर दोन मिनिटांत काम झालं असतं. मग काका विचारणार, ही बुचं कसली? आणि नवं म्हणून दिलेलं कार्ड कुठलं? आणि मग शांतपणे म्हणणार, किल्ली परत दे बरं. मी खिशात हात घातला. किल्ली मांडीला टोचत होती.

"कार्ड चांगलं निघालं ना?" काकांनी विचारलं. "तुझ्या कामात खोट नव्हती, एवढं मला ठाऊक आहे. तरी विचारतो."

"चांगलं आहे," मी म्हटलं. "पण वर्षभर वापरलेलं, काका. निम्मेच येतील."

"निम्मेच बरोबर. पुरेपूर वापरलं मी ते."

मी कॅबिनेट माझ्याकडे ओढलं, पण त्यांनी थांबवलं. "बाजूचा पत्रा मी काढून देतो. तुला तेवढाच त्रास कमी." माझा स्क्रूड्रायव्हर घेऊन ते स्क्रू सोडवायला लागले. पहिला निघाला, तो त्यांनी काउंटरवर डावीकडे ठेवला. दुसरा त्याच्या शेजारी. तिसरा निघता निघता निसटला आणि काउंटरच्या कडेवरून खाली गेला. मी खाली बघेपर्यंत काकांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांत तो होता, गुडघ्याच्याही खाली, हवेतच पकडलेला. त्यांनी मानसुद्धा वळवली नव्हती.

"बघितलंस? सुटला," ते म्हणाले. सुटलेला तेवढा त्यांना दिसला, पकडलेला दिसला नाही. "पूर्वी कधी सुटत नसे."

तिसरा स्क्रू त्यांनी ओळीत ठेवला आणि चौथ्याला हात घातला.

"पोरीचा काल फोन होता," ते म्हणाले. "दुकान सोडतोय म्हटल्यावर रडायला लागली. म्हणते, बाबा, तुमचे हात जाणंच शक्य नाही, मशीनमध्येच काहीतरी राहिलंय, एकदा दुकानात दाखवा. अजून तेच! लहानपणापासून अशीच आहे ती, मला वाईट वाटू नये म्हणून वाटेल ते बोलते. मी तिला स्पष्ट सांगितलं, आता पुन्हा हा विषय काढायचा नाही. त्यापेक्षा तू बरा, कारागीर. पहिल्याच दिवशी तोंडावर खरं सांगितलंस."

चौथा स्क्रू निघाला. मी पत्रा उचलून बाजूला ठेवला, कार्ड बाहेर काढलं, बुचांवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि म्हटलं, "वय कुणाला चुकलंय, काका."